ढकलायली का धरून ठेवायली? अजिंठ्यातल्या माय-लेकराचं चित्र कसं वाचायचं

वर्षावासात आम्ही कळमनुरी तालुक्यातल्या एका गावी विहारात ग्रंथवाचनाला जात होतो. एका संध्याकाळी वाचन संपल्यावर अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यातल्या एका चित्राची मोठी प्रत भिंतीला लावली. एका बाजूला भव्य तथागत, हातात भिक्षापात्र. दुसऱ्या बाजूला, त्यांच्या गुडघ्या-मांडीच्या उंचीची एक स्त्री आणि तिच्या पुढ्यात तिचं लेकरू. आम्ही एवढंच विचारलं, "या चित्रात काय चाललंय?"

तरुण पोरांनी लगेच उत्तरं दिली. एक म्हणाला, "यशोधरा आणि राहुल." दुसरा म्हणाला, "भिक्षा वाढायलेत." तिसऱ्याने हळूच मोबाईल पुढे केला. त्यावर हेच चित्र होतं आणि खाली बायको-पोराला टाकून गेलेल्या माणसाला देव कसं मानता, असा टोमणा. त्याला उत्तर काय द्यायचं ते त्याला हवं होतं.

मागे बसलेली एक बाई बराच वेळ चित्राकडे बघत होती. दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारं कुटुंब. त्या वर्षी तिने धाकट्या मुलाला पहिल्यांदाच वसतिगृहात ठेवलं होतं. ती म्हणाली, "ताई, ही माय लेकराला पुढं ढकलायली का धरून ठेवायली?"

आम्ही समाजकार्याच्या अभ्यासक्रमात निरीक्षण कसं करावं हे शिकलो, पण या चित्रातला तो हात आम्ही तोवर नीट पाहिलाच नव्हता. त्या एका प्रश्नामुळे आम्ही हे चित्र पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. आमच्या तरुण मित्रांनी आणि कार्यकर्त्यांनीही ते तसं पाहावं, म्हणून हा लेख.

चित्र कुठे आहे, आणि ते आपल्या किती जवळचं आहे

अजिंठ्याच्या वाघोरा नदीच्या नालाकृती वळणावर तीस लेणी आहेत. १७ क्रमांकाचं लेणं हे विहार आहे, म्हणजे भिक्खूंच्या निवासाचं ठिकाण. आत मोठं दालन, पलीकडे छोटा अंतराळ आणि त्याच्याही पलीकडे बुद्धमूर्ती असलेलं गर्भगृह. आपलं चित्र या अंतराळाच्या भिंतीवर, गर्भगृहात शिरण्याच्या अगदी अलीकडे आहे. बुद्धाच्या समोर जाण्याआधी माणसाची नजर या माय-लेकरावर पडते. चित्राची जागा लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे.

हे लेणं इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. तेव्हा वाकाटक राजा हरिषेण राज्य करत होता आणि त्याच्या शाखेची राजधानी होती वत्सगुल्म, म्हणजे आपल्या शेजारचं वाशिम. हिंगोलीहून एसटीने थोड्या वेळात पोचता येतं ते वाशिम! वाशिमला सापडलेल्या वाकाटक ताम्रपटात नांदीकट या प्रदेशाचा उल्लेख आहे आणि अभ्यासक तो नांदेडशी जोडतात. वाशिम आणि नांदेड यांच्या मधला मुलूख म्हणजे आजचा हिंगोली जिल्हा. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला आपला जिल्हा नकाशावर नवा असला, तरी ज्या राज्यात हे चित्र काढलं गेलं त्या राज्याच्या अंगणातच आपली गावं आहेत. अजिंठा म्हणजे कुठल्या तरी लांबच्या शहाण्या लोकांची मालमत्ता आहे, असं वाटण्याचं कारण नाही.

प्रसंग काय आहे

बहुतेक अभ्यासकांच्या मते हा प्रसंग तथागतांच्या कपिलवस्तूच्या भेटीचा आहे. विनयपिटकातल्या महावग्गात तो थोडक्यात येतो. संबोधीनंतर तथागत कपिलवस्तूला येतात. राहुलची आई मुलाला सांगते की हे तुझे वडील आहेत, जा आणि यांच्याकडे आपला वारसा माग. राहुल जवळ जातो आणि त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघतं ते असं की, श्रमणा, तुझी सावली सुखाची आहे. मग तो मागोमाग चालत वारसा मागत राहतो. पाली भाषेत वारशाला 'दायज्ज' असा शब्द आहे. तथागत सारिपुत्ताला सांगतात की राहुलला प्रव्रज्या द्या.

गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भाग आपल्याकडे फार कमी सांगितला जातो. नातवाच्या प्रव्रज्येची बातमी कळल्यावर शुद्धोदन व्याकुळ होऊन तथागतांकडे येतो. आधी मुलगा गेला, आता नातू. मुलाचं दुःख कातडी, मांस, हाड भेदून आत जातं, असं तो सांगतो आणि विनंती करतो की यापुढे आईबापांच्या परवानगीशिवाय कुणाच्या मुलाला प्रव्रज्या देऊ नये. तथागत ती विनंती मान्य करतात आणि तसा नियम घालून देतात. म्हणजे एका घरातल्या दुःखातून संघाचा कायदा झाला. ज्यांना वाटतं की बुद्धाला घरच्यांच्या वेदनेशी देणंघेणं नव्हतं, त्यांना हा भाग वाचायला द्यावा.

चित्र वाचायचं म्हणजे काय करायचं

चित्राला लगेच अर्थ चिकटवू नये. आधी जे दिसतं ते मोजावं. आम्ही विहारात पाच गोष्टी बघायला सांगितल्या.

पहिली, आकार. तथागत इतके मोठे आणि माय-लेकरू इतकं लहान का? चित्रकाराला प्रमाण कळत नव्हतं असं मुळीच नाही. याच लेण्यात त्याने माणसं, हत्ती, माकडं, बाजार, राजवाडे अगदी जिवंत काढलेत. इथला आकार शरीराचा नाही, मनाचा आहे. हे चित्र त्या मायच्या आणि लेकराच्या नजरेतून काढलेलं आहे. लहान मुलाला बाप एवढाच मोठा दिसतो. आणि वर्षांनी परत आलेला, पूर्ण बदललेला माणूस त्या स्त्रीलाही एवढाच दिसत असणार.

दुसरी, नजर. माय वर बघतेय, लेकरू वर बघतंय आणि तथागतांची मान खाली झुकलेली आहे. तीन नजरा एकमेकींना भेटतात. कुणीही प्रेक्षकाकडे बघत नाही. त्यामुळे आपण तिथे पाहुणे असतो आणि आवाज न करता उभं राहावंसं वाटतं. चित्राची शांतता इथून येते.

तिसरी, हात. राहुलचे हात पुढे आलेत. आईचा हात त्याला मागून लागलेला आहे. याच हाताबद्दल त्या बाईने विचारलं होतं. आम्ही प्रत जवळ नेऊन पुन्हा पुन्हा पाहिली. तो हात ढकलणाराही आहे आणि धरणाराही. मुलाला शाळेच्या फाटकापाशी सोडणाऱ्या कुठल्याही आईचा हात असाच असतो. 'जा' असंही म्हणतो आणि बोटं लवकर सुटतही नाहीत. चित्रकाराने या दोनपैकी एक अर्थ निवडला असता तर चित्र सोपं झालं असतं. त्याने दोन्ही ठेवले, म्हणून दीड हजार वर्षांनी ऊस तोडणाऱ्या एका मायला त्यात स्वतःचा जून महिना दिसला.

चौथी, पात्र. राजपुत्राच्या हातात भिक्षापात्र आहे. बाप घरी आला तो काही घेऊन नाही आला, रिकामं पात्र घेऊन आला. आणि मुलगा त्याच्याकडेच वारसा मागतोय. मागणारा कोण आणि देणारा कोण, हे इथे उलटसुलट होतं. दोघंही मागतायत आणि दोघंही देतायत. पात्र हे गरिबीचं चिन्ह नाही. ज्याने मालकी सोडली त्याचं ते चिन्ह आहे. अशा माणसाकडून मिळणारा वारसा जमिनीचा किंवा सोन्याचा असू शकत नाही.

पाचवी, दागिने आणि चीवर. स्त्रीच्या अंगावर अलंकार आहेत, मुलाच्याही आहेत. तथागतांच्या अंगावर फक्त चीवर. दोन जगं समोरासमोर उभी आहेत आणि मध्ये अंतर फक्त एका लेकराच्या हाताएवढं आहे.

रंगांबद्दलही थोडं सांगायला हवं. अजिंठ्याचे चित्रकार डोंगरातलेच रंग वापरत. लाल आणि पिवळी गेरू, हिरवी माती, दिव्याची काजळी, पांढरी माती. फक्त निळा रंग लाजवर्द दगडाचा, तो अफगाणिस्तानकडून व्यापाऱ्यांनी आणलेला. खडकावर आधी चिखलाचा गिलावा, त्यात भाताचं तूस आणि गवताचे तंतू, वर चुन्याचा पातळ थर आणि त्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. आपल्या आज्या ज्या पद्धतीने भिंती लिंपत, त्याच घराण्याची ही विद्या आहे. या चित्रातला गंभीर भाव या मातकट रंगांनी धरून ठेवलाय. मोबाईलवर रंग वाढवून फिरणाऱ्या प्रतींमध्ये नेमका तोच भाव हरवतो.

हा भाव दुःखाचा आहे का?

विहारात अनेकांना चित्र 'दुःखी' वाटलं. आम्हाला वाटतं शब्द थोडा बदलायला हवा. यात विरह आहे, पण विलाप नाही. कुणाच्या डोळ्यांत पाणी काढलेलं नाही, कुणी पायावर कोसळलेलं नाही. वेदना आहे आणि ती वेदना समजून घेणारी एक झुकलेली मान आहे. धम्मात याला करुणा म्हणतात.

या भावामागे एक खरी घटनाही आहे. १७ क्रमांकाच्या लेण्यात एक शिलालेख आहे. हरिषेणाच्या एका मांडलिक राजाने हे लेणं दान दिलं. अभ्यासक त्याचं नाव उपेंद्रगुप्त असं सांगतात. शिलालेखानुसार त्याचा धाकटा भाऊ रविसांब अकाली गेला आणि त्या दुःखात त्याला सगळं अनित्य असल्याची जाणीव तीव्र झाली. त्यानंतर त्याने दानधर्माकडे मन वळवलं. म्हणजे ज्या भिंतीवर हे माय-लेकरू उभं आहे, ते लेणंच एका शोकाकुल घरातून आलेलं आहे. घरातलं माणूस गेल्यावर आपल्याकडेही पुण्यानुमोदन करतात, विहाराला काहीतरी दान देतात. त्याचंच हे जुनं रूप.

त्यागमूर्ती आणि टाकून दिलेली बायको: दोन्ही वाचनं अपुरी

आता त्या मोबाईलवरच्या टोमण्याकडे येऊ. यशोधरेकडे बघण्याच्या दोन सवयी आपल्याकडे आहेत. विरोधक तिला टाकून दिलेली बायको म्हणतात. आपण घाईघाईने तिला त्यागमूर्ती म्हणतो. दोन्हीकडे तिला स्वतःचं मत नाही. एकात ती बिचारी, दुसऱ्यात ती देवी.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात तिसरी वाट दाखवली. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने रात्रीतून घर सोडलं, ही पारंपरिक कथा त्यांना पटली नाही. त्यांच्या मांडणीत शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होतो, सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो आणि त्याची किंमत म्हणून परिव्रज्या घेतो. निघण्याआधी तो यशोधरेशी बोलतो. ती रडून आडवी येत नाही. निर्णय योग्य आहे असं सांगते, संमती देते आणि राहुलला सांभाळायचं आहे म्हणूनच आपण सोबत येत नाही, असंही स्पष्ट करते. पुढे तथागत कपिलवस्तूला आल्यावर ती धावत बाहेर जात नाही. मी आदराला पात्र असेन तर ते मला भेटायला येतील, अशी तिची भूमिका आहे. आणि ते येतात.

हे लक्षात ठेवून चित्राकडे पुन्हा बघा. कोण कुणाच्या दारी आलंय? भिक्षापात्र घेऊन तथागत आलेत. ती आपल्या जागी उभी आहे. आकाराने लहान असली तरी चित्रातली पुढची हालचाल तिच्याच हातून सुरू होते. मुलाला वारसा मागायला तीच पाठवते. टोमणा मारणाऱ्या मित्राला रागाने उत्तर देण्यापेक्षा त्याच्यासोबत हे चित्र पाच मिनिटं बघावं, असं आम्ही त्या तरुणाला सुचवलं.

"मग तिला काय मिळालं?"

त्या संध्याकाळचा सगळ्यात अवघड प्रश्न नववीतल्या एका मुलीने विचारला. "पोराला वारसा मिळाला. मग तिला काय मिळालं?"

ग्रंथांच्या आधारे एक उत्तर देता येतं. महाप्रजापती गोतमीच्या आग्रहातून भिक्खुणी संघ उभा राहिला आणि परंपरेनुसार राहुलमाताही त्या संघात गेली. म्हणजे जो वारसा तिने मुलासाठी मागितला, तो पुढे तिने स्वतःसाठीही घेतला. राहुलला काय मिळालं याचाही पुरावा आहे. खोटं बोलण्याविषयी तथागतांनी राहुलला केलेला उपदेश मज्झिमनिकायात आहे आणि सम्राट अशोकाने भाब्रूच्या लेखात भिक्खू, भिक्खुणी आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावा म्हणून तो नावाने नोंदवला आहे. बापाने मुलाला दिलेली इस्टेट ती हीच, आणि ती सगळ्यांना खुली झाली.

पण मुलीचा प्रश्न तेवढ्यापुरता नव्हता, हे आम्हाला कळत होतं. आमच्या कामात आम्ही तलाठी कार्यालयात वारस नोंदीसाठी बायकांसोबत जातो. बाप गेल्यावर सातबाऱ्यावर भावांची नावं लागतात आणि बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. 'माहेर तुटायला नको' म्हणून त्या सही करतात. हे आपल्या बौद्ध घरांतही होतं, हे मान्य करायला हवं. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असते आणि खालच्या टेबलावर हक्कसोडपत्र.

बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी किती झुंज दिली आणि ते रखडवलं गेल्यावर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला, हे आपण भाषणात सांगतो. त्यातूनच पुढे आलेला १९५६ चा वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क दिला. कायदा आहे, फक्त बहिणीची सही घेताना तो आठवत नाही. ज्या समाजाचं एक थोर चित्रच 'जा, तुझा वारसा माग' असं सांगणाऱ्या आईचं आहे, त्या समाजातल्या आईने हे वाक्य मुलीलाही सांगायला हवं.

आणखी एक आई

अजिंठ्याला गेलात तर २ क्रमांकाच्या लेण्यातली हारिती जरूर बघा. ती मूर्ती आहे, चित्र नाही. कथा अशी की हारिती लोकांची लेकरं पळवून खायची. तथागतांनी तिचं सगळ्यात धाकटं मूल लपवलं, तेव्हा ती वेडीपिशी झाली. एवढ्या लेकरांपैकी एक हरवलं तर तुझी ही गत, मग ज्यांना एकच होतं त्यांचं काय? या प्रश्नाने ती बदलली आणि मुलांची राखण करणारी झाली. मूर्तीच्या पायथ्याशी मुलांची शाळा कोरली आहे. छडी घेतलेले गुरुजी आणि अभ्यास सोडून दंगा करणारी पोरं पाहून आमच्या सहलीतली मुलं खूप हसली होती. एक आई आपलं लेकरू पुढे पाठवते, दुसरी आई दुसऱ्यांचं लेकरू आपलं मानायला शिकते. दोन्ही मिळून धम्मातलं मातृत्व पूर्ण होतं. माय-लेकराचा हा प्रसंग १९ क्रमांकाच्या लेण्याच्या दर्शनी भागावरही कोरलेला आहे, तोही ताडून पाहा.

जाताना आणि परतताना

सोमवारी अजिंठा बंद असतो, सहल ठरवताना हे आधी बघा. आत उजेड मुद्दाम मंद ठेवलेला असतो. डोळे सरावायला दोन मिनिटं द्या, फ्लॅश वापरू नका, भिंतीला हात लावू नका. या चित्रांनी बरंच सोसलंय. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी दिसली, त्यानंतर लोकांनी तुकडे कापून नेले, नावं कोरली. रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षं बसून केलेल्या प्रतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनला आगीत गेल्या. निजाम सरकारने १९२० च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ आणले, चित्रं सुटून पडायची वाचली, पण तेव्हा लावलेलं रोगण पुढे पिवळं पडलं. १९८३ पासून अजिंठा जागतिक वारसा आहे. 'वारसा' हा शब्द इथेही येतो. मागायचा हक्क आहे, तशी सांभाळायची जबाबदारीही आहे.

प्रत्येक विहारात या चित्राची एक चांगली प्रत लावावी आणि वर्षावासातली एक संध्याकाळ फक्त बघण्यासाठी ठेवावी, अशी आमची सूचना आहे. व्याख्यान नको. आधी बायकांना बोलू द्या, मग मुलामुलींना, शेवटी आपण कार्यकर्त्यांनी बोलावं. आपला क्रम नेहमी उलटा असतो.

त्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर आम्ही दिलं नाही. तिनेच दिलं. प्रत गुंडाळताना ती जवळ आली आणि म्हणाली, "दोन्ही करायली ताई. ढकलायली बी, धरायली बी." मग तिने वसतिगृहात फोन लावायला आमचा मोबाईल मागितला.

जयभीम, नमो बुद्धाय.